बेसल ॲक्टिव्हिटी कमी, टीपीपी इफेक्ट फक्त ८ टक्के: मग थायमिन पुरेसं म्हणायचं का?

आधी सरळ उत्तर देते. या आकड्यांवरून ‘रुग्णांमध्ये थायमिनची (म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता नाही’ असं प्रबंधात लिहू नका. ‘आहे’ असंही लिहू नका. तुमच्या आकड्यांतून कळतं ते वेगळंच काहीतरी आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा विषय तोच व्हायला हवा.

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा: विचारणारी नाशिकमध्ये बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते आहे. दारू सोडण्यासाठी दाखल झालेले लोक, मधुमेही आणि निरोगी असे तीन गट घ्यायचे आणि त्यांच्या तांबड्या पेशींतल्या ट्रान्सकिटोलेज या एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मोजायची, असा तिचा बेत आहे. सुरुवातीला करून पाहिलेल्या सॅम्पलांत दारूच्या गटाची मूळ, म्हणजे बेसल ॲक्टिव्हिटी निरोगी गटाच्या जवळपास निम्मी आली. वरून टीपीपी, म्हणजे थायमिनचं पेशीत काम करणारं रूप, घातल्यावर मात्र ती फक्त ८ टक्क्यांनी वाढली. या वाढीलाच टीपीपी इफेक्ट म्हणतात. गाईड म्हणतात, १५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे थायमिन ठीक. तिला ते पटत नाही. एचपीएलसी (रक्तातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) हाताशी नसताना हे काम करण्यात अर्थ आहे का आणि नाशिक जिल्ह्यातल्याच सुरगाणा-पेठ तालुक्यांकडून सॅम्पलं आणली तर चालतील का, हेही तिने विचारलं आहे.

ट्रान्सकिटोलेजची अभिक्रिया तुम्हाला पाठ असणारच: झायलुलोज-५-फॉस्फेटचे दोन कार्बन उचलायचे, रायबोज-५-फॉस्फेटवर ठेवायचे, आणि सात कार्बनी सिडोहेप्ट्युलोज-७-फॉस्फेट व तीन कार्बनी ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट तयार करायचं. पेन्टोज फॉस्फेट मार्ग आणि ग्लायकोलिसिस यांना जोडणारा हा सांधा. दोन कार्बनांचा तो तुकडा वाटेत पेलून धरण्याचं काम थायमिन पायरोफॉस्फेट, म्हणजे आपलं टीपीपी, करतं. एन्झाइम आणि टीपीपीचं हे नातं १९५३ साली उघड झालं, तेही एकाच वर्षी दोन स्वतंत्र गटांकडून: एक रॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा हॉरेकर आणि स्मिरनिओटिस यांचा. टीपीपीच्या थायाझोल कड्यातला दुसऱ्या क्रमांकाचा कार्बन हाच खरा काम करणारा अणू, हे रोनाल्ड ब्रेस्लोने त्याच दशकात दाखवलं.

तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट मात्र १९९२ साली यीस्टच्या ट्रान्सकिटोलेजची स्फटिकरचना उलगडली तेव्हा स्पष्ट झाली. हे एन्झाइम दोन सारख्या साखळ्यांचं बनलेलं असतं आणि टीपीपी बसण्याची जागा त्या दोघींच्या मधल्या सांध्यात असते. म्हणजे टीपीपी नुसतं कामापुरतं येऊन जात नाही, ते दोन्ही अर्ध्यांना एकमेकांशी धरूनही ठेवतं. टीपीपी निघून गेलेलं रिकामं एन्झाइम, ज्याला आपण ॲपोएन्झाइम म्हणतो, ते मुळातच नाजूक असतं. पेशीत ते लवकर नष्ट होतं. तुमच्या टेस्ट ट्यूबमध्येही होतं.

आता टीपीपी इफेक्ट नेमकं काय मोजतो ते पाहा. ही पद्धत मायरन ब्रिन यांनी १९६०च्या सुमारास रुळवली. त्यामागचा विचार देखणा आहे. थायमिन कमी पडलं की काही एन्झाइम रिकामं राहणार. बाहेरून भरपूर टीपीपी दिलं की ते रिकामं एन्झाइम कामाला लागणार. ॲक्टिव्हिटी जितकी वाढेल तितकी कमतरता. एसटीच्या डेपोत उभ्या असलेल्या गाड्यांना बाहेरून ड्रायव्हर पुरवायचे आणि किती जादा गाड्या रस्त्यावर आल्या ते मोजायचं, असा हा हिशेब आहे. ड्रायव्हरअभावी किती गाड्या थांबल्या होत्या, ते यातून कळतं. पण डेपोतल्या निम्म्या गाड्या आधीच भंगारात गेल्या असतील तर ड्रायव्हरांची रांग लावूनही जादा गाडी निघणार नाही, आणि तुम्ही समजाल की ड्रायव्हरांची टंचाई कधी नव्हतीच.

दीर्घकाळ थायमिन न मिळालेल्या माणसात हेच होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत टीपीपी इफेक्ट चढतो: १५ टक्क्यांच्या आत नेहमीचं, १५ ते २५ काठावरचं, २५ च्या वर कमतरता, हे पाठ्यपुस्तकातले उंबरठे या अवस्थेसाठी ठीक आहेत. पुढे मात्र रिकामं एन्झाइमच नष्ट होत जातं, एकूण एन्झाइम घटतं आणि टीपीपी इफेक्ट पुन्हा खाली येतो. कागदावर रुग्ण ‘सुधारलेला’ दिसतो, प्रत्यक्षात तो आणखी खोलात गेलेला असतो. म्हणूनच बेसल आकडा आणि इफेक्ट हे दोन्ही एकत्र वाचायचे असतात. इफेक्ट एकटा वाचणं ही या चाचणीबाबत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. तुमच्या गाईडनाही हे नम्रपणे दाखवायला हरकत नाही. मोठ्या रुग्णालयांच्या रिपोर्टवरसुद्धा कित्येकदा फक्त टक्केवारीच छापलेली असते.

पण थांबा, ‘बेसल कमी आणि इफेक्ट कमी’ याचा हा एकच अर्थ नाही. तुमच्या बाबतीत मला दुसऱ्याच गोष्टीची दाट शंका आहे.

दारू सोडायला माणूस दाखल झाला की पहिल्या काही तासांत त्याला थायमिनचं इंजेक्शन मिळतं, मिळायलाच हवं. बऱ्याचदा त्याहीआधी गावातल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईनमधून ताकदीचं इंजेक्शन झालेलं असतं, आणि त्यात बी-कॉम्प्लेक्स असतंच. तुमचं रक्त कधी घेतलं गेलं? दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नेहमीच्या तपासण्यांबरोबर, असा माझा अंदाज आहे. थायमिन शिरेतून गेलं की तांबड्या पेशी ते उचलतात, त्याचं टीपीपी करतात, आणि जे काही रिकामं एन्झाइम शिल्लक असेल ते तासाभरात-दिवसाभरात भरून जातं. टीपीपी इफेक्ट नेहमीच्या पातळीवर येतो. बेसल मात्र तितक्या लवकर वर येत नाही, आणि याचं कारण तांबड्या पेशीच्या स्वभावातच आहे. प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नाही, रायबोसोम नाहीत. गमावलेलं प्रथिन ती पुन्हा बनवू शकत नाही. नष्ट झालेल्या ट्रान्सकिटोलेजची भरपाई अस्थिमज्जेतून नव्या पेशी येतील तेव्हाच होणार, आणि पेशीचं आयुष्य १२० दिवसांच्या आसपास. म्हणजे बेसल सावरायला कित्येक आठवडे.

म्हणून तुमच्या नोंदवहीतली ती जोडी, बेसल निम्मं आणि इफेक्ट ८ टक्के, ‘कमतरता होती, कालच सुई झाली’ अशा माणसाच्या चित्राशी तंतोतंत जुळते. ते ‘खूप जुनी कमतरता, एन्झाइमच संपलं’ याच्याशीही जुळतं. आणि तिसरा एक दावेदार आहे: यकृत. दारूने यकृत खराब झालेल्यांत थायमिनचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ट्रान्सकिटोलेज कमी आढळू शकतं. चौथा दावेदार तुमचा डीप फ्रीजर. त्याकडे येतेच.

हे चार एकमेकांपासून वेगळे कसे करायचे? एका वेळच्या सॅम्पलवरून अजिबात होणार नाही. त्याच माणसाचं रक्त तीनदा घ्या: पहिल्या इंजेक्शनच्या आधी, दुसऱ्या दिवशी, आणि सहा आठवड्यांनी तो फेरतपासणीला येईल तेव्हा. पहिल्या सॅम्पलमध्ये इफेक्ट जास्त असून दुसऱ्यात तो खाली आला, तर कमतरता होती हे सिद्ध. पहिल्यातही इफेक्ट कमी, पण सहा आठवड्यांनी बेसल चढलं, तर ती जुनी कमतरता असण्याची शक्यता मोठी. थायमिन नीट घेऊनही बेसल तिथल्या तिथे, तर यकृताकडे बघा. त्यासाठी अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम त्याच दिवशी नोंदवून ठेवा. अर्थात सहा आठवड्यांत दारूही सुटलेली असेल आणि जेवणही सुधारलेलं असेल, तेव्हा बेसल चढण्याचं सगळं श्रेय थायमिनला देता येणार नाही. ही मर्यादा प्रबंधात लिहा. परीक्षक ती विचारणारच.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगते. सॅम्पल मिळावं म्हणून थायमिनचं इंजेक्शन एक मिनिटही लांबवायचं नाही. सलाईनसाठी शिरेत सुई लावतात त्याच वेळी, पहिली ॲम्प्युल जाण्याआधी, त्याच सुईतून रक्त घ्यायचं. वॉर्डमधल्या सिस्टरांशी आधी बोलून ठेवलंत तर हे सहज जमतं. नाही जमलं तर तो रुग्ण अभ्यासातून सोडून द्या. थायमिनअभावी होणारा वेर्निकेचा मेंदूविकार ही काही ताटकळत ठेवायची गोष्ट नाही. डोळ्यांच्या हालचाली, चालण्यातला तोल आणि गोंधळलेपणा ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसण्याची वाट पाहणाऱ्यांसाठी सांगते, शवविच्छेदनांवर आधारलेल्या १९८६च्या एका गाजलेल्या अभ्यासात ती तिन्ही फक्त १६ टक्के रुग्णांच्या नोंदींत सापडली होती. आणि उपाशी, दारू प्यायलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून दिलं तर उरलंसुरलं थायमिन ते जाळण्यात खर्च होतं. आधी थायमिन किंवा निदान दोन्ही बरोबर, हा नियम प्रयोगशाळेतल्या माणसालाही माहीत असलेला बरा. नैतिक समितीकडे जाणाऱ्या तुमच्या अर्जात ‘उपचारात कोणताही विलंब होणार नाही’ हे वाक्य ठळकपणे असू द्या. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या पातळीच्या प्रकल्पालाही लागू होतात.

आता ८ टक्के या आकड्याकडेच जरा संशयाने बघू. या चाचणीत एनएडीएच हे द्रव्य खपत जातं, तसं ३४० नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषण उतरतं, आणि तो उतार म्हणजेच ॲक्टिव्हिटी. समजा तुमचं बेसल रीडिंग मिनिटाला ०.०११२ ने उतरत होतं आणि टीपीपी घातलेलं ०.०१२१ ने. फरक ०.०००९, म्हणजे ८ टक्के, गुणोत्तर १.०८. आता तुमच्या डुप्लिकेटमधली, म्हणजे एकच सॅम्पल दोनदा लावल्यावरची, तफावत किती आहे ते पाहा. हातानेच पिपेट करणाऱ्या विद्यार्थ्याची ५ टक्के असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दोन्ही आकड्यांत ५-५ टक्क्यांची चूक असेल तर त्यांच्या गुणोत्तरात ती साधारण ७ टक्के होते. म्हणजे तुमचं १.०८ हे खरं तर १.०० ते १.१६ यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. १.१५चा उंबरठा या पट्ट्याच्या आतच येतो! असं असताना ‘१५ च्या आत, म्हणून ठीक’ या म्हणण्याला काय आधार राहतो? प्रत्येक सॅम्पल निदान तीनदा लावा, आणि रोज एकच राखून ठेवलेलं कंट्रोल हेमोलायसेट (तांबड्या पेशी फोडून केलेला द्रव) बरोबर चालवा. आठ-दहा दिवसांच्या कंट्रोलवरून तुमची स्वतःची तफावत काढा. तो एक आकडा तुमच्या प्रबंधात असेल तर मी बाकी सगळं विश्वासाने वाचेन.

पद्धतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही पाठवलेल्या प्रोटोकॉलमध्ये मला दोन-तीन ठिकाणी खटकलं. तुम्ही हेमोलायसेटमध्ये रायबोज-५-फॉस्फेट घालता आणि लगेच रीडिंग सुरू करता. पण या अभिक्रियेला झायलुलोज-५-फॉस्फेटही लागतं, आणि ते हेमोलायसेटमधलीच आयसोमरेज आणि एपिमरेज ही एन्झाइम्स रायबोज-५-फॉस्फेटपासून तयार करतात. त्याला वेळ लागतो. सुरुवातीची काही मिनिटं उतार संथ असतो, मग सरळ रेषा येते. तुमच्या आलेखात पहिल्या पाच मिनिटांचा उतार घेतलेला दिसतो. तो ट्रान्सकिटोलेजचा नसून साठा तयार होण्याचा वेग आहे. रेषा सरळ झाल्यावरचा भाग घ्या, मग ती दहाव्या मिनिटाला होवो की विसाव्या.

टीपीपीबरोबरचं इन्क्युबेशनही तुम्ही दहा मिनिटांवर आणलंय. ३७ अंशांवर अर्धा तास द्या, मॅग्नेशियम घालून. रिकाम्या एन्झाइममध्ये टीपीपी हळूहळू बसतं, आणि मॅग्नेशियमशिवाय ते नीट बसतच नाही. (रुग्णाच्या अंगातही हेच: दारू पिणाऱ्यांत मॅग्नेशियम कमी असतं, आणि ते भरून काढल्याशिवाय नुसत्या थायमिनने काही जण सुधारत नाहीत.) टीपीपी सढळ हाताने घाला. १९७७ साली ब्लास आणि गिब्सन यांनी वेर्निके-कोर्साकोफच्या चार रुग्णांच्या त्वचापेशी वाढवून दाखवलं होतं की त्यांचं ट्रान्सकिटोलेज टीपीपीला सैलसर धरतं. पुढे जनुकाचा क्रम तपासल्यावर त्याला पुरावा सापडला नाही, त्यामुळे ‘दारूचा मेंदूविकार होणाऱ्यांचं एन्झाइमच जन्मतः वेगळं’ ही आकर्षक कल्पना आज कुणी ठामपणे मांडत नाही. पण ज्या सॅम्पलमध्ये बंध सैल आहे तिथे अपुरं टीपीपी घातलं तर इफेक्ट खोटा कमी येईल, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

ब्लँक कुठे आहे? रायबोज-५-फॉस्फेट नसलेली एक क्युव्हेट लागेलच. हेमोलायसेटमध्ये लॅक्टेट डिहायड्रोजनेज भरपूर, थोडं पायरुव्हेटही असतं. ते दोघे मिळून तुमचं एनएडीएच परस्पर खाऊन टाकतात, आणि ३४० नॅनोमीटरवर ती घट ट्रान्सकिटोलेजच्या नावावर जमा होते. हिमोग्लोबिनही त्याच भागात प्रकाश शोषतं, तेव्हा हेमोलायसेट पुरेसं पातळ करा. पेशी धुताना वरचा पांढरा थर, बफी कोट, नीट काढून टाका. पांढऱ्या पेशींतही ट्रान्सकिटोलेज असतंच.

आणि आकडा कशाने भागता? तुम्ही प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन देताय. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की हा भाजकच गडबड करतो. पेशीत हिमोग्लोबिन कमी भरलेलं असेल तर प्रति ग्रॅम ॲक्टिव्हिटी उगाच फुगते. शिवाय तरुण पेशींत हे एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे रक्तस्रावानंतर किंवा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर नव्या पेशींची लाट आली की बेसल चांगलं दिसतं. सेल काउंटर तुमच्या विभागात आहे. प्रति पेशीसंख्याही काढून ठेवा आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच आलेल्या तांबड्या पेशी, मोजा.

फ्रीजरचं आता सांगते. उणे २० अंशांवर ठेवलेल्या हेमोलायसेटमधलं रिकामं एन्झाइम दिवसेंदिवस घटत जातं. भरलेलं त्या मानाने टिकतं. परिणाम काय? साठवलेल्या सॅम्पलमध्ये बेसल थोडं कमी आणि इफेक्ट बराच कमी दिसायला लागतो, म्हणजे नेमकं ज्याच्यावर तुमचा वाद चालू आहे ते चित्र. त्यात वीज गेली, फ्रीजर वितळून पुन्हा गोठला, तर विचारूच नका. उणे ७० किंवा ८०चा फ्रीजर मिळत असेल तर ठेवा, नाहीतर त्याच दिवशी लावा. तुमच्या निरोगी गटाची सॅम्पलं कॉलेजातच घेतलेली, ताजी लावलेली. रुग्णांची मात्र आठवडाभर जमवून एकदम लावलेली. दोन्ही गटांतला फरक माणसांचा की बर्फाचा, हे आत्ता सांगता येणार नाही.

सुरगाणा-पेठच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. तिथलं सॅम्पल बर्फाच्या डब्यात, न गोठवता, त्याच दुपारी प्रयोगशाळेत पोचून त्याच संध्याकाळी लागणार असेल तर चालेल. हेपरिनची नळी बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कापड किंवा थर्माकोल ठेवा. एप्रिल-मेमध्ये हे करू नये असं मला वाटतं.

तिथे जायचं कारण मात्र चांगलं आहे. नागली खाणाऱ्या घरात थायमिन सहसा पुरतं. १०० ग्रॅम नागलीत ते साधारण ०.३५ मिलिग्रॅमच्या घरात असतं, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम ०.०५. प्रौढ माणसाची रोजची गरज सव्वा-दीड मिलिग्रॅमच्या आसपास, आणि अंगातला सगळा साठा २५-३० मिलिग्रॅम. म्हणजे पुरवठा तुटला तर दोन-तीन आठवड्यांची बेगमी. नागली-वरईकडून रेशनच्या तांदळाकडे सरकलेल्या घरांत काय चाललंय हे बघण्यासारखं आहे. फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषकद्रव्यं मिसळलेल्या, तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं; थायमिन घालणं सक्तीचं नाही. त्यातही तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतला आणि पेज काढून टाकली की उरलेलं थायमिनही पाण्याबरोबर जातं. डाळ-उसळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकण्याची सवय तर थायमिनची शत्रूच. अल्कलीत ते टिकत नाही. मिसळीच्या शहरात हे कुणाला सांगून रुचणार नाही, पण मटकीत सोडा घालणाऱ्या भटारखान्यांना माझा विरोध चवीपलीकडचाही आहे. मात्र हा वेगळा, मोठा अभ्यास आहे. त्यात आहाराची नोंद, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांचा गट हे सगळं यायला हवं, कारण आईच्या दुधात थायमिन कमी असेल तर बाळाचं हृदय आधी बसतं. काश्मीरमधल्या बालरोगतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत याकडे पुन्हा लक्ष वेधलं आहे. एम.एस्सी.च्या एका वर्षात हे कोंबू नका.

भारतात या कामाला जुनी परंपरा आहे, हे जाता जाता. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत ‘बेरीबेरी चौकशी पथक’ (बेरीबेरी म्हणजे थायमिनअभावी होणारा आजार) म्हणून सुरू झाली होती, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या हाताखाली. आणि १९३६ साली थायमिन प्रथम प्रयोगशाळेत बनवणारा रॉबर्ट विल्यम्स जन्मला तो नेल्लोरला.

मधुमेहींचा गट माझ्या मते काढून टाका. इथे तांबडी पेशी तुमची दिशाभूल करते. २००७ साली थॉर्नली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मधुमेहींच्या प्लाझ्मातलं थायमिन निरोगी लोकांच्या साधारण पाव हिश्शावर आलेलं असतं, कारण मूत्रपिंडातून ते वाहून जातं. तरी तांबड्या पेशींतलं ट्रान्सकिटोलेज ठीकठाक दिसतं, कारण त्या पेशी थायमिन आत ओढणारे वाहक वाढवून स्वतःची सोय करून घेतात. तुमच्या चाचणीत हा गट ‘नॉर्मल’ येईल आणि तुम्हाला त्याचा अर्थ लावता येणार नाही. त्यात पायांना मुंग्या येतात म्हणून बी-१, बी-६, बी-१२ची गोळी घेणारे निम्मे असतील. बेन्फोटायमिनबद्दल, म्हणजे थायमिनच्या शरीरात सहज शोषल्या जाणाऱ्या कृत्रिम रूपाबद्दल, विचारलंत: २००३च्या उंदरांवरच्या कामात त्याने ट्रान्सकिटोलेज चाळवून डोळ्याच्या पडद्याचं नुकसान रोखलं, त्यामुळे खूप आशा निर्माण झाल्या. माणसांत चित्र तितकं उजळ नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना १२ आठवडे देऊन लघवीतल्या अल्ब्युमिनमध्ये फरक पडला नव्हता.

एचपीएलसी असती तर पूर्ण रक्तातलं टीपीपी थेट मोजता आलं असतं, अल्कलीत थायोक्रोम बनवून त्याच्या निळ्या चकाकीवरून. आज बहुतेक चांगल्या प्रयोगशाळा तेच करतात, आणि नुसती ‘पातळी किती’ एवढाच प्रश्न असेल तर ते जास्त भरवशाचंही आहे. पण टीपीपी किती आहे हे कळल्याने एन्झाइम किती उरलंय ते कळत नाही. तुमचा प्रश्न एन्झाइमचा आहे, म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरे. काही सॅम्पलं दोन्ही पद्धतींनी करून घेता आली तर सोन्याहून पिवळं.

शेवटी, समितीची परवानगी वेळेत आली नाही तर काय, हा तुमचा धाकट्या अक्षरातला प्रश्न. नाशकात बसून त्याची काळजी कशाला? टीपीपीवर चालणारं दुसरं एन्झाइम इथल्या वायनरींच्या टाक्यांत दर हंगामात काम करतं. यीस्टचं पायरुव्हेट डीकार्बोक्झिलेज हे पायरुव्हेटपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतं, आणि त्याचीच पुढे अल्कोहोल होते. द्राक्षरसात सल्फर डायऑक्साइड घातलं की ते थायमिनचे दोन तुकडे करतं. थायमिन कमी पडलं की एन्झाइम मंदावतं आणि रसात पायरुव्हेट साचतं. साचलेलं पायरुव्हेट सल्फर डायऑक्साइडला बांधून ठेवतं, म्हणून वायनरीला ते आणखी घालावं लागतं. हे चक्र तोडण्यासाठी रसात थायमिन घालायची परवानगी असते, युरोपात लिटरला ०.६ मिलिग्रॅमपर्यंत. तुम्ही सल्फाइटच्या तीन-चार मात्रा घ्या, प्रत्येकीत थायमिन घालून आणि न घालता आंबवा, रोज यीस्ट फोडून त्यातली डीकार्बोक्झिलेजची ॲक्टिव्हिटी मोजा, टीपीपीसह आणि टीपीपीशिवाय. जोडीला अल्कोहोल डिहायड्रोजनेज घातलं की पुन्हा तेच एनएडीएच, तेच ३४० नॅनोमीटर. इथे पेशी जिवंत आहे, नवं प्रथिन बनवू शकते, स्वतः थायमिनही बनवू शकते. त्यामुळे तांबड्या पेशीत न दिसणारी बेसलची झटपट भरपाई इथे दिसते का, हे तपासता येईल. रस मात्र गाळपाच्या दिवशीच, सल्फाइट घालण्याआधी मागून घ्या. गाळप जानेवारी ते मार्चमध्ये होतं, म्हणजे वायनरीला पत्र डिसेंबरच्या आत जायला हवं.